जुना ट्रेंचर बघायला जाताना

बॅकहो (मागचा, बकेटने खोदणारा हात) जोडलेला जुना ट्रेंचर, म्हणजे चेनने चर खोदणारं मशीन, बघायला निघालात, तर मालकाला आधीच सांगा, मशीन सुरू करून ठेवू नका. इंजिन थंड असताना कसं सुरू होतं, तेच बघायचंय. मशीन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या अवरमीटरवर फार विसंबू नका, तो बदलता येतो. पेडलचं झिजलेलं रबर मात्र खरं सांगतं.

खरी परीक्षा मागच्या बूमची, म्हणजे बॅकहोच्या लांब हाताची. हायड्रॉलिक तेल गरम झालं की बूम पुढे पसरून बकेट जमिनीपासून हातभर वर धरा, इंजिन बंद करा आणि १० मिनिटं चहा घ्या (बकेटखाली उभं राहून नव्हे). बकेट खाली आली, तर हायड्रॉलिक सिलिंडरची सील गेलीय किंवा व्हॉल्व्ह तेल सोडतोय. नंतर बूम डावी-उजवीकडे फिरवा. सांध्यातले पिन-बुश खडखडले, तर तेवढे पैसे कमी करून घ्या. चेनवरचे दात सुटे बदलता येतात. स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) झिजून त्याचे दाते हुकासारखे झाले असतील, तर चेनसकट बदलायची तयारी ठेवा.

काम सुरू करताना दोन्ही जॅक (मशीनला टेकू देणारे पाय) घट्ट टेकवा, खोदलेली माती काठापासून दूर टाका आणि दीड मीटरपेक्षा खोल चरात आधार लावल्याशिवाय माणूस उतरवू नका.