आपल्या कानाला रुचेल असे ओव्हरड्राइव्ह पेडल घरी कसे बनवावे

ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणजे गिटार आणि अॅम्पलीफायर यांच्यामध्ये जोडायची, सिग्नलची टोके छाटून स्वर खरखरीत करणारी, पायाने चालवायची पेटी. आयबानेझ कंपनीचे ट्यूब स्क्रीमर हे असे पेडल १९७० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले. घरी ओव्हरड्राइव्ह पेडल बनवू पाहणाऱ्याने आजही त्याच्याच सर्किटपासून सुरुवात करावी असे माझे मत आहे, कारण त्यात एकच दुहेरी ऑप-अॅम्प चिप (सिग्नल वाढवणारे दोन भाग असलेली) आहे, भाग मोजके आहेत आणि प्रत्येक भागाचा आवाजावर होणारा परिणाम कानाने पडताळून पाहता येतो. मूळ पेडलच्या दोन्ही टोकांना असलेले ट्रान्झिस्टर बफर मुख्यतः त्यातील इलेक्ट्रॉनिक स्विचसाठी आहेत. आपण ३पीडीटी जातीचा (एका दाबात तीन जोडण्या बदलणारा) पाय-स्विच वापरणार असल्यामुळे पहिल्या प्रयत्नात ते वगळले तरी चालतात.

सोल्डरिंग करण्याआधी सारे सर्किट ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायच्या पाटीवर) जुळवावे. ९ व्होल्टचा पुरवठा १एन५८१७ डायोडमधून आत घ्यावा, म्हणजे अॅडॉप्टर उलटा जोडला गेला तरी चिप जळत नाही. त्या पुरवठ्यावर १० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडून मध्यबिंदूवर साडेचार व्होल्ट मिळवावेत आणि तो बिंदू ४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरने ग्राउंडशी (पुरवठ्याच्या ऋण टोकाशी) जोडून स्थिर करावा. ४५५८ या दुहेरी ऑप-अॅम्प चिपच्या पिन ८ ला हा पुरवठा आणि पिन ४ ला ग्राउंड जोडावे. गिटारचा सिग्नल ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून त्या चिपच्या ३ क्रमांकाच्या पिनवर आणावा आणि तीच पिन ५१० किलोओहमने मध्यबिंदूला जोडावी. पिन १ आणि पिन २ यांच्यामध्ये तीन गोष्टी समांतर येतात: परस्परविरुद्ध दिशांना तोंड असलेले दोन १एन४१४८ डायोड, ५१ पिकोफॅरडचा कपॅसिटर, आणि ५१ किलोओहमच्या रेझिस्टरपुढे जोडलेला ५०० किलोओहमचा ड्राइव्ह पॉट (छाटणी कमी-जास्त करणारा, फिरवता येणारा रेझिस्टर). पिन २ वरून ४.७ किलोओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड एकापुढे एक जोडून ग्राउंडला न्यावेत.

पेडलचा स्वभाव याच शेवटच्या जोडीवर ठरतो. ४.७ किलोओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड यांच्यामुळे सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचे स्वर क्रमाक्रमाने कमी वाढवले जातात. म्हणून या पेडलचा मध्यभाग उठून दिसतो आणि खर्ज आखडलेला वाटतो. खर्ज भरदार हवा असेल तर कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा घालावा, म्हणजे ही सीमा सुमारे ३४० हर्ट्झवर येते. मात्र ड्राइव्ह वाढवण्यासाठी कोणी रेझिस्टर २.२ किलोओहमवर आणला, तर तोच ०.१ चा कपॅसिटर सीमेला पुन्हा ७२० हर्ट्झच्या आसपास नेऊन ठेवतो आणि मिळवलेला खर्ज हातचा जातो. म्हणून या दोन किमती नेहमी जोडीनेच विचारात घ्याव्यात. ड्राइव्ह वाढवूनही खर्ज राखायचा असेल तर २.२ किलोओहमबरोबर ०.२२ मायक्रोफॅरड घ्यावा. हंबकर (दोन गुंडाळ्यांचे) पिकअप असलेल्या गिटारवर खर्ज फार वाढवला तर जोराने वाजवलेले कॉर्ड गढूळ ऐकू येतात. तेथे मी मूळ किमतींच्या जवळच राहीन.

दुसरा महत्त्वाचा बदल डायोडचा. सिलिकॉन डायोड सुमारे ०.६ व्होल्टवर सिग्नलची टोके छाटू लागतात. त्यांच्या जागी लाल एलईडी लावले तर ही मर्यादा सुमारे १.७ व्होल्टपर्यंत जाते, आवाज मोठा होतो आणि बोटांच्या जोरातला फरक अधिक स्पष्ट राहतो. एका दिशेला दोन आणि दुसऱ्या दिशेला एक असे तीन सिलिकॉन डायोड लावल्यास छाटणी असमान होते आणि स्वरात सम हार्मोनिक (मूळ स्वराच्या सम पटींतले उपस्वर) मिसळतात. बॉसच्या एसडी-१ पेडलची रचना अशीच आहे. दर वेळी एकच भाग बदलावा आणि त्याच गिटारवर, तोच तुकडा वाजवून ऐकावा, अन्यथा फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

टोनच्या भागात फार खोलात जाण्याचे कारण नाही. पिन १ वरून १ किलोओहम घेऊन पिन ५ वर यावे, पिन ५ वरून ०.२२ मायक्रोफॅरड ग्राउंडला आणि १० किलोओहम मध्यबिंदूला जोडावेत. पिन ६ आणि ७ यांच्यात १ किलोओहम ठेवावा. २० किलोओहमच्या पॉटची टोके पिन ५ आणि ६ ला, तर त्याचा मधला पाय २२० ओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरडमधून ग्राउंडला जातो. पिन ७ वरून १ मायक्रोफॅरडने १०० किलोओहमच्या व्हॉल्यूम पॉटवर यावे.

मनाजोगता आवाज मिळाल्यावर तेच सर्किट स्ट्रिपबोर्डवर (तांब्याच्या समांतर पट्ट्या असलेल्या पाटीवर) उतरवावे. चिपसाठी ८ पिनांचे सॉकेट लावावे आणि त्याखालच्या तांब्याच्या पट्ट्या समोरासमोरच्या पिनांमध्ये न विसरता तोडाव्यात. नवशिक्यांचे बंद पडलेले पेडल बहुधा येथेच अडलेले असते. आधी रेझिस्टर आणि डायोड, मग कपॅसिटर आणि शेवटी तारा असा क्रम ठेवावा. इनपुटवरून ग्राउंडला १ मेगाओहमचा रेझिस्टर जोडल्यास स्विच दाबताना येणारा टक्क आवाज कमी होतो. सोल्डरचा धूर नाकात जाऊ देऊ नये आणि अॅल्युमिनियमच्या पेटीला भोके पाडताना चष्मा अवश्य घालावा.

चिप बसवण्याआधी पुरवठा देऊन मल्टिमीटरने मोजावे: सॉकेटच्या पिन ८ वर सुमारे ९ व्होल्ट आणि पिन ४ वर शून्य दिसले पाहिजे. पुरवठा काढून चिप बसवावी, तो पुन्हा द्यावा आणि पिन १ व ७ वर सुमारे साडेचार व्होल्ट आहेत का ते पाहावे. व्होल्टेज बरोबर असूनही आवाज येत नसेल तर अॅम्पलीफायरच्या केबलच्या सिग्नलच्या तारेला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा, केबलचे ग्राउंड पेडलच्या ग्राउंडला लावावे, आणि गिटार वाजवणाऱ्या मित्राच्या मदतीने त्या कपॅसिटरचे मोकळे टोक इनपुटपासून एकेका बिंदूवर टेकवत पुढे जावे. ज्या बिंदूवर आवाज नाहीसा होतो, त्याच्या लगेच मागे चूक सापडते.