मानवाकृती रेखाटताना या चुका टाळा

मानवाकृती शिकणाऱ्यांच्या वह्यांत एकच दोष वारंवार दिसतो: डोळे, केस, दागिने सुबक उतरलेले असतात आणि माणूस मात्र पडण्याच्या बेतात असतो.

पणजीतल्या एका वर्गात एका विद्यार्थ्याने दिवली नृत्य करणारी स्त्री रेखाटली होती. डोक्यावरची पितळी दिवली आणि नऊवारीचे काठ यांवर त्याने सारी दुपार खर्ची घातली होती. कागद भिंतीला लावून मी गळ्याच्या खळीशी ओळंबा, म्हणजे टोकाला वजन बांधलेली दोरी, धरला, तेव्हा दोरी दोन्ही पावलांच्या बाहेर पडली. अशा नर्तकीच्या डोक्यावर दिवली क्षणभरही टिकणार नाही. 'पाय जरा सरकवतो', असे म्हणत त्याने खोडरबर उचलला. पण पाय एकटा सरकत नाही. भार एका पायावर गेला की त्या बाजूची कंबर वर उचलली जाते, मोकळ्या पायाचा गुडघा वाकतो, खांदे कंबरेच्या उलट कलतात आणि भाराच्या पायाचा घोटा साधारणपणे गळ्याच्या खळीखाली येतो. काठांसकट सारे चित्र पुन्हा काढावे लागले.

म्हणून मी आधी खळीची खूण करतो, तिच्याखाली उभी रेघ सोडतो, तिच्यावर भाराचा घोटा ठेवतो, मग कंबर आणि खांदे यांच्या तिरप्या रेघा काढतो. चेहरा अगदी शेवटी येतो. एवढा धीर नसणाऱ्यांनी खुशाल फुलदाण्या काढाव्यात.

मोबाइलवरचे छायाचित्र गिरवणे हा तर आळसच होय. जवळून, डोळ्यांच्या उंचीवरून टिपलेल्या छायाचित्रात डोके मोठे आणि पाय आखूड दिसतात, आणि गिरवणारा तेही इमानाने उतरवतो. त्यापेक्षा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उभे राहून मिनिटभराची रेखाटने करावीत. एका हातात जड पिशवी असलेला माणूस दुसऱ्या बाजूला झुकतो, हे तिथे पाहिल्याशिवाय पटत नाही. डोक्यावर पाटी घेतलेली बाई ती नीट तोलण्यासाठी मान कशी ताठ ठेवते, हेही तिथेच दिसते.

पावले जमत नाहीत म्हणून ती गवतात लपवू नयेत. दोन्ही हात एकमेकांच्या प्रतिबिंबासारखे काढू नयेत. खांद्यांसाठी पट्टी तर हातातही घेऊ नये.

धावणाऱ्या आकृतीला मात्र ओळंबा लावू नये. धावताना शरीर पुढे झुकलेले असते आणि पुढचे पाऊल त्याला वेळेवर सावरते. त्यामुळे तिथे दोरी पावलांच्या पुढे पडली, तर ती रेघ दुरुस्त करण्याची गरज नाही.