दऱ्यांचा दर्या झाला : छपाईला फाइल पाठवताना या चुका टाळा

ऑफसेट प्रेसमध्ये प्लेट (ज्यावरून छपाई होते तो पत्रा) निघण्याआधी फाइल ज्याच्या टेबलावर येते, तो माणूस मी. २२ वर्षं हेच काम करतोय. पेजमेकरच्या फाइली पाहिल्या, कोरलच्या पाहिल्या, आता इनडिझाइनच्या येतात, काही तर थेट वर्डमधून. सॉफ्टवेअर बदलत गेलं, चुका मात्र त्याच राहिल्या. दिवाळी अंकांच्या दिवसांत रात्री ११ वाजता फोन येतो, "सगळं चेक केलंय, तुम्ही फक्त प्लेट टाका." पहिलं पान उघडलं की कळतं, कुणी काही वाचलेलंच नाही.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो ऱ्य आणि ऱ्हच्या चुकीने. दुसऱ्या, कोऱ्या, तऱ्हा, गुऱ्हाळ या शब्दांतला तो आडवा, पापणीसारखा अर्धा र. युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, तो दोन रीतींनी टाइप होतो. एक, खाली टिंब असलेला ऱ आणि त्याला हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. फरक असा, की दुसऱ्या रीतीत सगळा भार एका न दिसणाऱ्या चिन्हावर असतो. ते गळालं की र उडी मारून य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो.

काही वर्षांपूर्वी सह्याद्रीतल्या भटकंतीवरचं एक पुस्तक आमच्याकडे आलं. डेमी १/८ आकार, १७६ पानं, म्हणजे १६ पानी ११ फॉर्म (एका तावावर छापलेली १६ पानं म्हणजे एक फॉर्म), प्रती १०००. लेखकाने आयुष्यभर पायी फिरून लिहिलेलं. अक्षरजुळणी करणाऱ्या मुलाला शीर्षकांच्या फाँटमध्ये अधूनमधून चौकोनी डबी दिसत होती. त्या फाँटमध्ये जोडचिन्ह नव्हतं, म्हणून त्याच्या जागी डबी. मुलाने एक डबी कॉपी केली, फाइंड-रिप्लेसमध्ये टाकली, रिप्लेसची जागा रिकामी ठेवली आणि 'रिप्लेस ऑल' दाबलं. डब्या गेल्या. फाइल स्वच्छ दिसली. लेखकाने प्रूफ आधीच वाचून दिलं होतं, म्हणून पुन्हा कुणी वाचलं नाही. मीही वाचलं नाही. मी समास, ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर सोडलेली जादा छपाई) आणि रंग तपासले आणि प्लेटा टाकल्या.

सात फॉर्म छापून झाल्यावर घडीच्या मशीनवरच्या मामांनी एक कागद हातात धरून मला बोलावलं. "घाटात दर्या कुठून आला हो?" पाहतो तर प्रत्येक दऱ्याचा दर्या झालेला. वाऱ्यावर नव्हे, वार्यावर. पायऱ्या नव्हे, पायर्या. १८ बाय २३ चे ७००० ताव रद्दीत गेले. कागदाचा खर्च प्रेस, प्रकाशक आणि जुळणीवाला यांनी वाटून घेतला. लेखकाला फोन मी केला. ते रागावले नाहीत, थोडा वेळ गप्प बसले. ती शांतता मला अजून आठवते.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. मराठी मजकुराची फाइल आली की मूळ फाइलमध्ये 'र्य' शोधायचा, मग 'र्ह', आणि जे जे सापडेल ते एकेक करून वाचायचं. सूर्य, कार्य, पर्याय, अर्हता हे राहू द्यायचे. सुर्या दिसला की थांबायचं, तो सुऱ्या असायला हवा. ३०० पानांच्या पुस्तकाला तासभर जातो. यात 'रिप्लेस ऑल' अजिबात वापरायचं नाही, नाहीतर सूर्याचा सूऱ्य होतो. आणि आचार्यांना की आचाऱ्यांना, म्हणजे गुरूंना की स्वयंपाक्याला, हे वाक्य वाचूनच कळतं. कुठलंही सॉफ्टवेअर ते सांगणार नाही. हा शोध पीडीएफमध्ये घेऊ नका. देवनागरीचा मजकूर पीडीएफमध्ये आतून बऱ्याचदा विस्कटलेला असतो, दिसायला बरोबर पण शोधायला निरुपयोगी. टाइप करतानाच ऱ ची सवय लावून घेतली तर निम्मा त्रास वाचतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर र च्याच कळीवर शिफ्ट दाबलं की ऱ येतो, इतकं ते सोपं आहे.

याच्याच शेजारची चूक जुन्या फाँटांच्या रूपांतराची. श्रीलिपी, आकृती अशा फाँटांमध्ये जुळवलेला मजकूर खरं तर रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेला असतो. फाँट नसलेल्या मशीनवर तो उघडला की मराठीऐवजी रोमन अक्षरं, डॉलर आणि अंडरस्कोअर यांची खिचडी दिसते. फाइल खराब झालेली नसते, फाँट नसतो एवढंच. मग लोक कन्व्हर्टर लावतात, वरचा परिच्छेद नीट दिसला की खूश होतात. खाली जिथे खरोखरच इंग्रजी शब्द होता, ईमेल पत्ता होता, तोही कन्व्हर्टरने जुना मराठी फाँट समजून देवनागरीत बदललेला असतो. अवतरणचिन्हं, आकडे आणि जोडाक्षरं तीन वेगळ्या फेऱ्यांत तपासा. एकाच फेरीत सगळं तपासायला गेलं की डोळे फसवतात. आणि ज्यांचं अजून पेजमेकरवर चालू आहे त्यांना आदराने सांगतो : त्याची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ ची, आणि तिला युनिकोड कळत नाही. जुनी पुस्तकं उघडण्यापुरतं ते ठेवा, नवं पुस्तक त्यात सुरू करू नका.

आता काळा रंग. पडद्यावर सगळे काळे सारखे दिसतात, प्लेटवर नाही. वर्डचा मजकूर इनडिझाइनमध्ये आणला की स्वॉचेसमध्ये (रंगांच्या यादीत) 'वर्ड' नावाने सुरू होणारे आगंतुक रंग येऊन बसतात. ते आरजीबी, म्हणजे छपाईचे नव्हे तर पडद्याचे रंग असतात. तसेच सोडले की पीडीएफ करताना काळं अक्षर निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा अशा चारही प्लेटांवर फुटतं. रोमन लिपीत हे जेवढं खटकतं त्याहून देवनागरीत जास्त, कारण आपल्याकडे प्रत्येक शब्दावर शिरोरेषा आहे. चार रंगांचं रजिस्टर (एकावर एक नेमकं बसणं) केसभर हललं तरी त्या आडव्या रेषेला वरून गुलाबी किंवा निळी किनार लागते आणि सगळं पान धुरकट वाटतं. एका स्मरणिकेत असं झालं होतं. वयस्कर वाचकांनी चष्म्याचा नंबर वाढला असेल असं समजून पुस्तक बाजूला ठेवलं, हे नंतर कळलं तेव्हा फार वाईट वाटलं.

उपाय दोन मिनिटांचा आहे. ते 'वर्ड' रंग निवडून डिलीट करा, बदली रंग म्हणून मूळचा ब्लॅक द्या. मग पीडीएफ अॅक्रोबॅट प्रोमध्ये उघडून आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये जा आणि काळ्या रंगाची खूण काढा. मजकूर पूर्ण नाहीसा झाला पाहिजे. एखादं राखाडी भूत मागे उरलं तर फाइल परत. नवीन मुलांना हे दाखवलं की म्हणतात, "एवढं कोण बघतं?" वाचक बघतो. त्याला कारण सांगता येत नाही, पण पान वाचवत नाही हे त्याला कळतं. त्याच खिडकीत पांढऱ्या अक्षरांना ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावरच छापायची सूचना) लागलेलं नाही ना, तेही बघून घ्या. लागलं असेल तर गडद पट्टीवरचं पांढरं शीर्षक छापताना गायब होतं.

व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लांबीत साधारण १६०० पिक्सेलचा उरतो, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) तो साधारण सव्वापाच इंच होतो. मुखपृष्ठाला पुरत नाही. 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. फोटोशॉपमध्ये ७२ च्या जागी ३०० लिहिल्याने फोटो सुधारत नाही, फक्त आकडा सुधारतो. ही पळवाट शिकवणाऱ्यांवर माझा राग आहे.

ब्लीड ३ मिमी, चारही बाजूंनी. यावर चर्चा नको.

ए-५ आणि डेमी १/८ एक नव्हे. डेमी साडेपाच बाय साडेआठ इंच, ए-५ त्याहून रुंद आणि बुटकं. 'फिट टू पेज' करून एकाचं दुसरं करू नका, अक्षर चेपतं.

मुखपृष्ठाचा कणा (पुस्तकाच्या पाठीची जाडी) अंदाजाने मोजू नका. छपाईचा जो कागद ठरला आहे त्याचीच कोरी डमी बायंडरकडून करून घ्या आणि पट्टीने मोजा.

पेन ड्राइव्हवरच फाइल उघडून काम करणं बंद करा. आधी मशीनवर कॉपी, मग काम. इनडिझाइनची फाइल विचित्र वागू लागली, मध्येच बंद पडू लागली, तर ती आयडीएमएल (इनडिझाइनचाच दुसरा फाइल-प्रकार) म्हणून सेव्ह करून पुन्हा उघडा. बऱ्याचदा तेवढ्याने निवळते. कोरलची फाइल उघडेनाशी झाली तर त्याच फोल्डरमध्ये 'बॅकअप ऑफ' नावाने सुरू होणारी प्रत आहे का ते आधी शोधा. रडारड नंतर.

राहता राहिलं 'कर्व्ह' करणं. फाँट मिळत नाही म्हणून सगळा मजकूर कर्व्ह करून पाठवायचा रिवाज आपल्याकडे पक्का आहे. लग्नपत्रिकेला, फ्लेक्सला ठीक. पुस्तकाला नको. कर्व्ह झालेला मजकूर हे नुसतं चित्र असतं, त्यात 'र्य' शोधता येत नाही, एक काना बदलता येत नाही. रात्री १२ वाजता चूक सापडली तर जुळणीवाल्याला झोपेतून उठवावं लागतं. पुस्तकासाठी फाँट आत बसवलेली पीडीएफ द्या आणि सोबत पॅकेज केलेली (फाँट आणि चित्रांसह एकत्र केलेली) मूळ फाइल. कर्व्ह करायचंच असेल तर वेगळ्या नावाने सेव्ह करून मग करा, मूळ फाइलवर कधीच नाही. आणि नावात 'फायनल' लिहू नका, तारीख लिहा. माझ्या मशीनवर एकाच पुस्तकाच्या चार फायनल पडलेल्या असतात तेव्हा कुठली छापायची हे मी ठरवू शकत नाही, आणि ठरवायला लावूही नये.