ओकलंडच्या महापौराला मत देताना पाच पसंत्या कशा भराव्यात

तुम्ही अमेरिकी नागरिक आहात आणि मतदार म्हणून तुमची नोंदणी झाली आहे, असं धरून चालतो. ग्रीनकार्डवाल्यांनी चहा करायला घ्यावा. ओकलंड हे कॅलिफोर्नियातलं शहर आणि कॅलिफोर्नियात मतपत्रिका महिनाभर आधी टपालाने घरी येते. काळं किंवा निळं पेन घ्या आणि बसा.

महाराष्ट्रात महापौर नगरसेवक निवडतात. इथे थेट लोक निवडतात आणि तेही पसंतीक्रमाने. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मत दिलेल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. मात्र तिथल्यासारखे १, २, ३ आकडे इथे लिहायचे नाहीत. प्रत्येक नावासमोर लंबगोल असतात, पहिल्या पसंतीपासून पाचव्यापर्यंत. एका नावासमोर एकच लंबगोल रंगवा आणि एका रकान्यातही, म्हणजे एका पसंतीखाली, एकच.

आता खरी गोम. मलाही सुरुवातीला हा तक्ता झेपला नव्हता, त्यात ओळखीपाळखीतले सल्ले! सगळ्यात घातक सल्ला म्हणजे ‘एकालाच मत द्या, दुसरी पसंती दिली की पहिल्याचं नुकसान होतं.’ साफ चूक. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि फक्त त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे वळतात. असं निकाल लागेपर्यंत चालतं. तुमचा पहिला उमेदवार रिंगणात असेपर्यंत तुमच्या दुसऱ्या पसंतीकडे कुणी बघतसुद्धा नाही. मग नुकसान कुठून होणार?

दुसरा सल्ला म्हणजे एकाच माणसासमोरचे पाचही लंबगोल रंगवायचे, म्हणजे ‘वजन वाढतं’. काही वाढत नाही. मत एकच धरलं जातं आणि चार पसंत्या वाया जातात. एका रकान्यात दोघांना रंगवलंत तर त्याहून वाईट: त्या जागी तुमचं मत कुणालाच जात नाही.

मी सांगतो ते करा. पहिली पसंती मनापासून द्या, तो निवडून येईल की नाही याचा हिशेब तिथे नको. तो हिशेब खालच्या पसंत्यांत करा. शेवटच्या दोघांत कोण उरतील याचा अंदाज घ्या आणि त्यातला जो त्यातल्या त्यात चालेल, तो पाचांत कुठेतरी असलाच पाहिजे. तुमचे सगळे उमेदवार बाद झाले तर मतपत्रिका बाजूला पडते आणि शेवटच्या लढतीत तुमचा आवाज नसतो. २०२२ मध्ये दहा उमेदवार होते. पहिल्या पसंतीत लॉरेन टेलर पुढे होते, शेवटी शेंग थाओ अवघ्या ६७७ मतांनी जिंकल्या. २०१० मध्येही डॉन पेराटा यांची पहिल्या पसंतीतली आघाडी चांगली मोठी होती, पण महापौर झाल्या जीन क्वान; इतरांच्या मतदारांकडे त्यांनी प्रचारातच दुसरी पसंती मागितली होती. जो अजिबात नको, त्याला पाचवीसुद्धा देऊ नका. रकाने भरलेच पाहिजेत अशी सक्ती नाही.

आणि पहिला रकाना रिकामा सोडू नका. नियमाप्रमाणे दुसरी पसंती वर सरकते, हे खरं. पण २०२२ मध्ये शाळा मंडळाच्या एका जागेसाठी मोजणीच्या यंत्रणेत नेमकी हीच मांडणी चुकली आणि चुकीचा विजेता जाहीर झाला. चूक नंतर उघडकीला आली आणि खरा विजेता कोर्टातून ठरला.

उरलेलं सोपं. मतपत्रिका लिफाफ्यात घाला, लिफाफ्यावर सही करा, मतदानाच्या दिवशी रात्री आठच्या आत अधिकृत पेटीत टाका. सही नोंदीतल्या सहीशी जुळवली जाते. मराठीत झोकदार सही करायची हौस असेल तर नोंदणीतही तीच हवी. जुळली नाही तर काउंटीचं, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या प्रशासनाचं, पत्र येतं. ते जाहिरातींच्या गठ्ठ्यात फेकू नका, मुदतीत उत्तर द्या. पहिल्या रात्रीच्या आकड्यांवर पैजाही लावू नका. २०२२ चा निकाल स्पष्ट व्हायला जवळपास दोन आठवडे लागले होते.