‘मी’च्या कादंबऱ्या वाचताना या चुका टाळा

स्वतःवर आणि जगावर रुसलेल्या एखाद्या एकलकोंड्या निवेदकाने ‘मी’ म्हणून सांगितलेली कादंबरी उत्साहाने विकत घ्यावी, चाळीस-पन्नास पानांनंतर तीत खूण घालून ठेवावी आणि ती खूण वर्षानुवर्षे त्याच पानावर राहावी, हा अनुभव पुष्कळांना आला असेल. अशा वेळी बहुधा वाचनाची रीत चुकलेली असते. ऐतिहासिक किंवा कौटुंबिक कादंबरी ज्या अपेक्षेने आपण उघडतो, त्याच अपेक्षेने ‘कोसला’, ‘रणांगण’ किंवा फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूचे ‘द आउटसायडर’ उघडले, की पुस्तक मुके वाटू लागते. पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यांतल्या बहुतेक प्रस्तुत लेखकाने स्वतः केलेल्या आहेत.

घटनेची वाट पाहत बसणे

‘काही घडतच नाही’ ही पहिली तक्रार असते आणि तिच्यात तथ्यही असते. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (1963) पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला येतो, वसतिगृहात राहतो, वडिलांचे पैसे उधळतो, परीक्षेत आपटतो आणि परत गावी जातो. कथानक एवढेच असेल तर ते दोन वाक्यांत संपते. पण या कादंबरीत घटना घडते ती सुराच्या पातळीवर. पांडुरंगाच्या तोंडी ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे दोन शब्द सारखे येतात. पहिल्या वाचनात ती लकब वाटते, काहींना ती कंटाळवाणी होते, तर काही जण महिनोन्महिने तसेच बोलू लागतात (हा आजार आमच्या पिढीत वसतिगृहांतून साथीसारखा पसरला होता). वास्तविक ‘वगैरे’ ही त्याची ढाल आहे. कोणतीही गोष्ट पूर्ण गांभीर्याने म्हणायची वेळ आली, की तो ती ढाल पुढे करतो. म्हणून धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूपाशी पोहोचल्यावर टवाळीचा सूर कसा मावळतो, हे ज्याने ऐकले त्याला कादंबरीतली सर्वांत मोठी घटना सापडली असे समजावे.

उपाय सोपा आहे. हातात पेन्सिल ठेवावी आणि आवडलेल्या वाक्यांखाली रेघा ओढण्याऐवजी जिथे आवाज बदलला असे वाटेल तिथे समासात बारीक खूण करावी. निवेदक एकाएकी भरभर बोलू लागतो, एखाद्या माणसाचे नाव घ्यायचे टाळतो किंवा नको तितका तपशील देतो, अशा जागा तीस-चाळीस पानांत चार-पाच तरी निघतात. त्या एकापुढे एक ठेवल्या की कथानक दिसू लागते.

रशियन लेखक दोस्तोयेव्हस्कीच्या ‘नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड’ (1864) या छोट्या पुस्तकाची अडचण वेगळी आहे. त्याच्या पहिल्या भागात अकरा प्रकरणे चाळिशीचा एक निनावी माजी कारकून केवळ वाद घालतो, तोही समोर नसलेल्या लोकांशी, आणि बहुसंख्य वाचक तिथेच थकतात. दुसऱ्या भागात मात्र तो चोवीस वर्षांचा असतानाची हकिकत आहे. एका मेजवानीत तो न बोलावता घुसतो, अपमान ओढवून घेतो आणि नंतर लिझा नावाच्या वेश्येशी आधी कळवळ्याने व मग क्रूरपणे वागतो. जे अडले असतील त्यांनी दुसरा भाग आधी वाचावा, मग पहिल्याकडे यावे. जाणकारांना हा सल्ला पाखंडी वाटेल. पण त्या माणसाने लिझाशी काय केले हे ठाऊक झाल्यावर पहिल्या भागातल्या त्याच्या युक्तिवादांना जी धार येते, ती अर्धवट सोडलेल्या पुस्तकात कधीच येत नाही.

निवेदकालाच लेखक समजणे

‘कोसला’ प्रसिद्ध झाली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते आणि पांडुरंगही पंचवीस वर्षांचा आहे. तेवढ्यावरून सारे पुस्तक आत्मचरित्र ठरवण्याचा मोह होतो. मग वाचक कोणती खोली खरी, कोणता मित्र कोण, याच्या शोधाला लागतो आणि कादंबरी हातची निसटते. दोस्तोयेव्हस्कीने हा धोका ओळखून पुस्तकाच्या आरंभीच टीप घातली की ही टिपणे आणि ती लिहिणारा, दोन्ही काल्पनिक आहेत. मात्र आपल्या समाजात अशी माणसे असणे अपरिहार्य आहे, असेही त्याने पुढे जोडले.

पांडुरंग सगळे व्यर्थ आहे असे म्हणत असतो, पण ते व्यर्थपण कोणत्या क्रमाने, किती पानांत आणि कोणत्या लयीत सांगायचे हे दुसऱ्या कोणीतरी फार काळजीपूर्वक ठरवलेले असते. त्या दुसऱ्याची चाहूल घेत वाचावे. ‘कोसला’च्या अर्पणपत्रिकेत ‘शंभरातील नव्व्याण्णवांस’ असे शब्द आहेत. ज्याला आपण शंभरांत एखादा विक्षिप्त समजतो, त्याची कथा लेखकाने नव्व्याण्णवांच्या हाती दिली आहे. निवेदक आणि लेखक यांच्यातले अंतर मोजायला एवढी एक ओळही पुरते.

रोगनिदान करून मोकळे होणे

‘याला नैराश्य आहे, गोळ्या घेतल्या असत्या तर पुस्तक निघालेच नसते’, हा शेरा हल्ली फार ऐकू येतो. निदान बरोबर असले तरी त्याने वाचन थांबते, कारण नाव दिल्यावर पाहायचे काही उरत नाही. याच्या उलट बाजूची चूक अधिक गंभीर आहे. स्वतःची झोप उडाली असताना, मन पोखरले गेले असताना अशीच पुस्तके एकामागून एक वाचत राहणे आणि त्यालाच साहित्याची खोल जाण समजणे हे घातक आहे. अशा दिवसांत पुस्तक बाजूला ठेवावे, जवळच्या माणसाशी बोलावे. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांकही त्यासाठीच आहे.

तो म्हणतो ते खरे मानणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबायला हवे. एकट्या माणसाचा आवाज दीडशे-दोनशे पाने कानाशी राहिला, की आपण नकळत त्याचे वकील होतो. ‘द आउटसायडर’मधला (मूळ फ्रेंच, 1942) मर्सो आपल्याला कशाचेच काही वाटत नाही असे सांगतो आणि आपण त्याला निर्लेप, प्रामाणिक माणूस म्हणून स्वीकारतो. पुढे खुनाच्या खटल्यात, आईच्या अंत्यविधीत तो रडला नाही याचेच न्यायालय भांडवल करते, तेव्हा तर आपली सहानुभूती पक्की होते. पण तो जे करतो त्याची यादी वेगळी काढून पाहावी. शेजारच्या रेमंडला आपल्या मैत्रिणीवर सूड उगवायचा असतो. तिला जाळ्यात ओढणारे पत्र मर्सो लिहून देतो. रेमंड तिला मारहाण करतो, त्यानंतर पोलिसांपुढे मर्सो रेमंडच्या बाजूने साक्ष देतो. पुढे समुद्रकिनाऱ्यावर तो ज्या अरबाला गोळी घालतो तो तिचाच भाऊ असतो, आणि एका गोळीनंतर पडलेल्या देहावर तो आणखी चार गोळ्या झाडतो. ‘मला काही फरक पडत नाही’ म्हणणाऱ्या माणसामुळे दुसऱ्यांना किती फरक पडला, हे तो सांगत नाही. ते आपण मोजायचे असते.

त्या मेलेल्या अरबाला कादंबरीत नावसुद्धा नाही. ही उणीव अल्जीरियाचे लेखक कामेल दाऊद यांना इतकी खुपली की त्यांनी 2013 साली त्याच्या धाकट्या भावाला, हारूनला, निवेदक करून स्वतंत्र कादंबरी लिहिली आणि मृताला मूसा हे नाव दिले. प्रत्येक वाचकाने कादंबरी लिहायची गरज नाही, पण दोन पाने तरी दुसऱ्या बाजूने मनात लिहून पाहावीत.

मराठीत याची सोय काही पुस्तकांनीच करून ठेवली आहे. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’मध्ये (1939) युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवर चक्रधर आणि हॅर्टा ही जर्मन ज्यू तरुणी यांची भेट होते. चक्रधर स्त्रियांविषयी कडवट झालेला, हातचे राखून वागणारा निवेदक आहे. मुंबईला तो उतरतो, तिला उतरण्याची मुभा नाही. त्यानंतर तिची पत्रे येतात, आणि तोवर त्याच्या शब्दांतून पाहिलेली हॅर्टा प्रथमच आपल्या शब्दांत बोलते. ती पत्रे वाचल्यावर बोटीवरचे पहिले काही दिवस पुन्हा वाचावेत. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’त (2006) तर पुस्तकाचे सरळ दोन भाग आहेत. घरात आलेल्या एकाच पेइंग गेस्टवर भाऊ तनय आणि बहीण अनुजा या दोघांचेही प्रेम बसते आणि दोघेही आपापले सांगतात. पहिला भाग संपताच पुस्तक मिटून, तनयच्या सांगण्यात अनुजा किती वेळा आणि कशासाठी आली हे आठवून पाहावे, आणि मग दुसरा भाग उघडावा. मला तरी आठवायला फारसे सापडले नव्हते.

भाषांतराचा थंडपणा निवेदकाच्या माथी मारणे

काम्यूच्या पहिल्याच वाक्यात ‘मामाँ’ हा शब्द आहे, जो फ्रेंच मूल आईला हाक मारताना वापरते. स्टुअर्ट गिल्बर्ट यांच्या 1946 च्या इंग्रजी भाषांतरात तिथे ‘मदर’ आले आणि कित्येक दशके इंग्रजी वाचकाला पहिल्या शब्दापासूनच मर्सो कोरडा दिसला. मॅथ्यू वॉर्ड यांनी 1988 मध्ये ‘मामाँ’ तसेच ठेवले. इंग्रजीतून वाचणाऱ्या मराठी वाचकाने त्या जागी मनातल्या मनात ‘आई’ म्हणून पाहावे, माणूस लगेच दोन पावले जवळ येतो. एखादा निवेदक फारच खडबडीत किंवा फारच पुस्तकी वाटला, तर त्याच्याविषयी मत बनवण्यापूर्वी दुसऱ्या भाषांतराची पाच पाने चाळावीत.

हसण्याची भीती बाळगणे

गंभीर पुस्तक म्हणजे हसायचे नाही, ही शाळेतून आलेली समजूत असावी. दोस्तोयेव्हस्कीचा तो कारकून सेंट पीटर्सबर्गच्या नेव्हस्की रस्त्यावर एका अधिकाऱ्याला वाट देण्याऐवजी खांद्याला खांदा लावून धक्का द्यायचा बेत आखतो. पण धक्का देताना आपण बरे दिसलो पाहिजे, म्हणून कोटाची कॉलर बदलायला तो साहेबाकडून पैसे उसने घेतो. शेवटी धक्का बसतो, आणि त्या अधिकाऱ्याने मागे वळूनही पाहिलेले नसते. इथे ज्याला हसू येत नाही त्याला त्या माणसाचे दुःखही अर्धेच कळते. ‘कोसला’त पुण्याची कॉलेजे, संमेलने आणि साहित्यिक मंडळी यांची जी टिंगल आहे, ती मोठ्याने वाचून पाहावी. चार जणांत वाचली तर अधिक बरे.

शेवटच्या पानावर पुस्तक मिटून टाकणे

या प्रकारच्या कादंबऱ्यांत काळ बहुधा उलटा लावलेला असतो. ‘नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड’मध्ये चाळिशी आधी येते आणि तारुण्य नंतर. ‘कोसला’च्या पहिल्या पानावरच्या पांडुरंगाचे सगळे घडून गेलेले आहे. म्हणजे मनी जाऊन काळ लोटला आहे आणि पुण्याहून तो परतही आला आहे. प्रथम वाचताना आपल्याला यातले काहीच माहीत नसते, त्यामुळे वडिलांच्या पैशांचा उल्लेख आपण थट्टेवारी नेतो. कादंबरी संपल्यावर त्याच बैठकीत पहिली चार पाने पुन्हा वाचावीत. तिथला प्रत्येक ‘वगैरे’ आता कशावर पांघरूण घालतो आहे, हे आपल्याला माहीत असते.