बागेत उंदराचं औषध टाकताय? आधी या चुका टाळा

बागेत उंदीर झाले म्हटलं की नाशिकमध्ये सगळ्यांचं एकच उत्तर ठरलेलं असतं, दुकानातून औषध आणा आणि टाका. गंगापूर रोडचे बंगले असोत, सिडको-इंदिरानगरमधल्या रो हाऊसच्या मागची छोटीशी परसबाग असो नाहीतर मखमलाबाद, म्हसरूळ, आडगावकडे शेताला लागून झालेल्या नव्या सोसायट्या, सगळीकडे तेच. उंदीर त्रास देतो हे मी अजिबात नाकारत नाही, टोमॅटो अर्धवट खाऊन ठेवतो, ठिबकच्या नळ्या कुरतडतो, घूस तर कंपाउंडच्या भिंतीखालची माती पोकळ करून टाकते, आणि पावसाळ्यात त्यांच्या मुतातून होणाऱ्या लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) भीती खरी आहे. त्यांना आवरायचा आपल्याला हक्क आहे असंच माझं मत आहे. पण विष एकदा बागेत ठेवलं की कोण मरणार, किती दिवसांनी मरणार आणि कसं मरणार यातलं काहीही आपल्या हातात राहत नाही, आणि म्हणून पहिला उपाय म्हणून विष वापरणं मला अव्यवहारी तर वाटतंच पण सरळ चुकीचंही वाटतं.

जेवण चालू ठेवून विष टाकणं

सगळ्यात मोठी चूक हीच आणि बहुतेक घरांत हीच होते. उंदीर तुमच्या बागेत तुमच्यावर राग म्हणून येत नाही, त्याला तिथे खायला, प्यायला आणि लपायला मिळतं म्हणून येतो. कंपोस्टच्या ड्रममध्ये उरलेला वरणभात, पोळ्यांचे तुकडे, मटणाची हाडं जात असतील, पक्ष्यांसाठी टांगलेल्या फीडरमधून रोज मूठभर ज्वारी-बाजरी खाली सांडत असेल, कुत्र्याचं ताटलीतलं खाणं रात्रभर बाहेर असेल आणि नळाखाली कायम पाणी साचलेलं असेल तर तुम्ही कितीही केक (उंदराच्या विषाच्या वड्या) टाका, काही होणार नाही. मादीचा गाभणकाळ साधारण २१ ते २३ दिवसांचा, एका वेळी सहा-आठ पिल्लं सहज होतात आणि ती पिल्लं दोन-तीन महिन्यांत स्वतः वीण द्यायला तयार. चार मेले तर त्यांची जागा शेजारचे भरून काढतात कारण जेवण तर मांडलेलंच आहे. मग पुन्हा विष, पुन्हा उंदीर. आणि इथेच नीतीचा प्रश्न येतो, कारण जे मरण टाळता आलं असतं ते आपण दर दोन महिन्यांनी नव्याने घडवून आणतोय, फक्त झाकण लावायचा कंटाळा म्हणून.

तेव्हा आधी हे करा. कंपोस्टमध्ये शिजवलेलं अन्न टाकायचं बंद करा, ते घंटागाडीत ओल्या कचऱ्यात जाऊ द्या. ड्रमच्या तळाला आणि हवेच्या भोकांना पाव इंची जाळी लावा, लोखंडी, प्लास्टिकची नको, ती एका रात्रीत कुरतडून होते. लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या भोकातूनही आत येतो, हे ऐकून लोकांना पटत नाही पण खरं आहे. खाली पडलेले पेरू, आंबे, चिकू संध्याकाळच्या आत उचला. भिंतीला टेकवून ठेवलेली लाकडं, विटा, जुन्या कुंड्यांचा ढीग हलवा. फीडरखाली ताट बांधा आणि रात्री ते काढून ठेवा. यात पैसे फारसे जात नाहीत, वेळ जातो.

नक्की कोण आहे ते न बघणं

बीळ दिसलं की औषध, असं करू नका. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा मोठा ढिगारा असेल, भोक मोठं असेल तर घूस. काही वेळा ती आतून मातीने तोंड बंद करून घेते त्यामुळे बीळ जुनं वाटतं. नारळावर, भिंतीवर, केबलवरून धावतो तो घरातला काळा उंदीर, त्याच्यासाठी जमिनीवर ठेवलेल्या गोष्टींचा उपयोग कमी. आणि लांब टोकदार नाकाची, चिक् चिक् करत भिंतीच्या कडेने पळणारी, उग्र वासाची जी दिसते ती चिचुंद्री, ती तर उंदीरच नाही. ती झुरळं, किडे, अळ्या खाते, तुमच्या भाजीला तिचा काही त्रास नाही. दरवर्षी किती चिचुंद्र्या उगाच मारल्या जातात बघा आजूबाजूला. खारूताईचंही तेच, धान्याचा वास आला की केकवर पहिली तीच येते, कारण ती दिवसा फिरते आणि केक सकाळीच ठेवलेला असतो.

बीळ चालू आहे का बघायला सोपं आहे. संध्याकाळी तोंडावर हलक्या हाताने माती लोटून ठेवा नाहीतर कागदाचा बोळा कोंबा, सकाळी उघडलेलं असेल तर आत कोणीतरी राहतंय. दोन-तीन दिवस तसंच बंद राहिलं तर ते रिकामं, तिथे काहीच टाकू नका. मात्र बिळाच्या आसपास सापाची कात दिसली तर हात घालू नका, सर्पमित्राला बोलवा.

मेला तर मेला, कसा मेला त्याचं काय

या वाक्याने मला खरंच वाईट वाटतं. बाजारात मिळणारा निळा-हिरवा-लाल केक बहुतेक वेळा ब्रोमॅडिओलोनचा असतो, प्रमाण ०.००५ टक्के. ऐकायला नगण्य, पण काम जबरदस्त. शरीरात रक्त गोठायला व्हिटॅमिन के लागतं, हे औषध ते पुन्हा वापरात येण्याची क्रियाच बंद पाडतं. उंदीर खाल्ल्या खाल्ल्या मरत नाही, आधी एक-दोन दिवस नेहमीसारखा फिरतो, मग आतल्या आत रक्त झिरपायला लागतं, सांध्यात, फुप्फुसात, पोटात. चार-पाच दिवस लागतात, कधी आठवडा. शेवटच्या दिवसांत तो मंद होतो, भर दुपारी उघड्यावर येतो, अंग फुगवून एका जागी बसून राहतो. उंदराला उलटी करता येत नाही त्यामुळे खाल्लेलं बाहेर काढायचा मार्गही नाही. हे सगळं बिळात, ओट्याखाली, अडगळीत होतं, आपल्याला दिसत नाही म्हणून आपल्याला सोपं वाटतं. समोर झालं असतं तर आपल्यातल्या बहुतेकांनी दुसरा केक आणला नसता. उंदीर नकोसा आहे म्हणून त्याला दुखत नाही असं थोडंच आहे.

शेतात वापरतात ते काळं झिंक फॉस्फाइड लवकर मारतं, पोटातल्या ॲसिडशी मिळून त्यातून फॉस्फिन वायू तयार होतो. पण डोस कमी पडला आणि उंदीर वाचला की तो ते आमिष परत तोंडात घेत नाही. मग लोक आणखी जास्त, आणखी कडक काहीतरी शोधतात आणि तिथून गोष्टी हाताबाहेर जातात. काही जण अजूनही घरातलं जुनं थिमेट हे कीटकनाशक पिठात मळून टाकतात, त्यातलं फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंद आहे, ते घरात असणंच धोक्याचं, उंदरासाठी तर नकोच नको.

बिळाच्या पुढे न बघणं

मंद झालेला उंदीर म्हणजे शिकाऱ्याला सगळ्यात सोपं भक्ष्य. नाशिकमध्ये रात्री झाडावरून चिरर्र चिरर्र ओरडणारा पिंगळा, जुन्या वाड्यांच्या आणि इमारतींच्या कोनाड्यात राहणारं गव्हाणी घुबड, शेतावर एका जागी पंख फडफडवत थांबणारी कापशी, कंपाउंडच्या कडेने जाणारं मुंगूस, धामण, आणि आपलीच गल्लीतली मांजर. या सगळ्यांचं मुख्य किंवा बरंचसं खाणं उंदीरच. ब्रोमॅडिओलोन यकृतात महिनोन्महिने टिकून राहतं, म्हणजे घुबडाने आज एक विषारी उंदीर खाल्ला, पंधरा दिवसांनी दुसरा, तर ते साठत जातं. घुबड त्याने लगेच मेलं नाही तरी साध्या जखमेतून रक्त वाहून मरू शकतं. म्हणजे जो फुकटात, दर रात्री, कुठलाही केक न टाकता उंदीर मारत होता त्यालाच आपण संपवतो आणि त्याचे उंदीर मात्र परत येतात, कारण उंदराची वीण महिन्याभरात आणि घुबडाची वर्षातून एखाद-दुसऱ्यांदा. घुबड आणि धामण दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, पण विषाने मेलेल्या घुबडाची तक्रार कोण कोणाविरुद्ध करणार. पिंगळा तुमच्या आवारात राहत असेल तर माझ्या मते तिथे केक ठेवायचाच नाही, यात मधला मार्ग मला दिसत नाही.

दया वाटते पण दया नाही असे उपाय

विष नको म्हणून लोक ग्लू पॅड आणतात. कृपा करून नका आणू. उंदीर त्यावर तासन् तास, कधी दोन दिवस चिकटून राहतो, कातडी सोलते, स्वतःचा पाय चावतो, आणि बागेत ठेवलं तर पाली, सरडे, चिमण्या आणि इतर छोटे पक्षीही अडकतात. अनेक राज्यांनी त्यावर बंदीची परिपत्रकं काढलीयत ती उगाच नाही. चुकून एखादा पक्षी अडकलाच तर ओढू नका, मोकळ्या भागावर कागद टाका आणि चिकटलेल्या जागी खायचं तेल लावून हळूहळू सोडवा.

पिंजऱ्यात सापडलेला उंदीर बादलीत बुडवणं हेही तसंच क्रूर आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस साखरेत मिसळून खायला घालणं तर त्याहून वाईट.

आणि पिंजरा गाडीवर ठेवून पांडवलेणीच्या पायथ्याशी किंवा गंगेच्या (गोदावरीच्या) काठी सोडून येणं. हेतू चांगला असतो हे मला मान्य आहे, पण अनोळखी जागेत त्याला ना बीळ माहीत ना खाणं, तिथले उंदीर त्याला टिकू देत नाहीत, बहुतेक तो मरतोच. नाहीतर तो कोणाच्या तरी द्राक्षबागेत किंवा घरात घुसतो. आपला प्रश्न दुसऱ्याच्या दारात टाकणं याला सुटका म्हणू नये.

मारायचंच असेल तर चांगल्या स्प्रिंगचा चाप सगळ्यात कमी वाईट, कारण नीट लागला तर क्षणात संपतं. चाप भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो म्हणून पहिले दोन-तीन दिवस चाप न चढवता नुसतं आमिष ठेवा, सुकटाचा तुकडा किंवा भजं दोऱ्याने बांधून. वर एखादा क्रेट उलटा ठेवा, कडेला उंदीर जाईल एवढी फट, म्हणजे मांजर आणि पक्षी वाचतात. रोज सकाळी उठून बघायलाच हवं, हे जमणार नसेल तर चाप लावू नका.

तरीही विष वापरायची वेळ आली तर

घरात लहान बाळ आहे, घुशींनी पाया पोखरलाय, जाळ्या झाल्या, चाप झाले आणि तरी थांबत नाही, अशी वेळ येऊ शकते. तेव्हा केक नुसता बिळाजवळ टाकू नका, उंदीर तो उचलून नेतो आणि मधेच कुठेतरी, पालकाच्या वाफ्यातसुद्धा लपवतो. कुलपाचा बेट बॉक्स (आमिष ठेवायचा बंद डबा) घ्या, केक आतल्या तारेत अडकवा, बॉक्स बांधून ठेवा. रोज संध्याकाळी आवारात फिरून मेलेले आणि मंद झालेले उंदीर शोधा, हातमोजे घालून उचला आणि कुत्रा उकरणार नाही इतकं खोल, दोन फूट तरी पुरा. नाल्यात, नदीत नाही. लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी ब्लीचचं पाणी शिंपडा. खाणं थांबलं की उरलेला केक काढून घ्या, वर्षभर कायम ठेवायची ती वस्तू नाही. बिळात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कोणी शेतकरी मित्र प्रेमाने देईल, त्या घेऊ नका, तो वायू मातीतून, फरशीच्या फटीतून घरात येतो आणि त्यावर उतारा नाही. ट्यूबमधली पिवळ्या फॉस्फरसची पेस्टही तशीच, उतारा नाही.

कुत्र्याने, मांजराने किंवा मुलाने खाल्लं तर

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. "खेळतोय की, काही झालं नाही" म्हणून थांबतात. केकची लक्षणं तीन ते पाच दिवसांनी दिसतात, हिरड्या पांढऱ्या पडणं, धाप, नाकातून रक्त, काळी शी, आणि तोवर उशीर झालेला असतो. लगेच डॉक्टरकडे जा आणि औषधाचं वेष्टन सोबत न्या, कारण कुठलं विष आहे त्यावर उपचार ठरतात. ब्रोमॅडिओलोनवर व्हिटॅमिन के१ चालतं पण ते आठवडेच्या आठवडे द्यावं लागतं, दोन दिवसांत बरा वाटला म्हणून मधेच बंद करू नका. दूध, तूप, भात काहीही पाजू-भरवू नका, झिंक फॉस्फाइडमध्ये पोटात अन्न गेलं की ॲसिड वाढतं आणि वायू आणखी बनतो, फॉस्फरसमध्ये तेल-तुपाने विष जास्त शोषलं जातं. झिंक फॉस्फाइड खाल्लेल्या कुत्र्याने गाडीत उलटी केली तर काचा खाली करा, तो वायू तुमच्याही फुप्फुसात जातो. माणसाने पेस्ट खाल्ली असेल तर एक-दोन दिवस अगदी ठीक वाटून नंतर यकृत निकामी होऊ शकतं, त्यामुळे बरं वाटतंय म्हणून घरी थांबायचं नाही, ताबडतोब हॉस्पिटल.

सोसायटीचं काम आहे म्हणून सोडून देणं

पेस्ट कंट्रोलवाला महिन्यातून एकदा येतो, कुंड्यांमागे केक ठेवतो, सही घेतो, जातो. काय ठेवलं, कुठे ठेवलं, कोणालाच माहीत नाही. मीटिंगमध्ये हे विचारा. काँट्रॅक्टमध्ये लिहून घ्या की औषधाचं नाव आणि प्रत्येक बॉक्सची जागा नोटीस बोर्डवर लागेल, उघडा केक कुठेही ठेवला जाणार नाही, पुढच्या फेरीत उरलेला माल मोजून परत नेला जाईल, आणि आधी जाळ्या-भोकं बुजवायचं काम होईल, औषध त्यानंतर. गहू काढणी झाली की फेब्रुवारी ते एप्रिल शेतातले उंदीर वस्तीकडे सरकतात आणि पावसाळ्यात बिळात पाणी शिरलं की पुन्हा, म्हणून जाळ्यांचं काम जानेवारीत आणि मे महिन्यात उरकायला सांगा.