शोरूममध्ये नवी गाडी घेताना

नवी गाडी घेताना होणाऱ्या मनस्तापाचे मूळ सहसा गाडीत नसते. गाडीची किंमत, जुन्या गाडीचा मोबदला, कर्ज आणि विमा हे चार वेगळे व्यवहार शोरूममध्ये एकाच टेबलावर आणि शक्यतो एकाच बैठकीत उरकले जातात, यात ते असते. एकीकडे दिलेली सवलत दुसरीकडे वसूल करणे त्यामुळे विक्रेत्याला सोपे जाते. म्हणून हे चारही विषय सुटे करावेत आणि आधी केवळ किमतीवर बोलावे. कर, नोंदणी, इतर शुल्के आणि ॲक्सेसरीज यांची ओळीओळीने फोड केलेले लेखी कोटेशन निदान दोन-तीन विक्रेत्यांकडून घ्यावे. जुनी गाडी द्यायची आहे, हा विषय तोपर्यंत काढू नये. विचारलेच, तर ‘अजून ठरलेले नाही’ एवढे उत्तर पुरते.

‘महिन्याला किती हप्ता झेपेल?’ हा प्रश्न आपुलकीचा वाटतो, पण त्याचे उत्तर देऊ नये; कारण आकडा एकदा कळला, की मुदत लांबवून जवळपास कोणतीही किंमत त्यात बसवता येते. व्याजाचा दर फ्लॅट आहे की घटत्या शिलकीवर, हेही स्पष्ट विचारावे. ५ वर्षांच्या कर्जावरील १० टक्के फ्लॅट दर हा घटत्या शिलकीच्या हिशेबाने सुमारे १७ टक्के पडतो, कारण मुद्दल दरमहा फिटत असले, तरी व्याज अखेरपर्यंत मूळ रकमेवरच आकारलेले असते. बँकेची मंजुरी आधीच हातात असेल, तर ही चर्चा फार लांबत नाही.

विमा बाहेरूनही घेता येतो का, हे तपासावे. रंगावरचे संरक्षक लेप आणि तत्सम पॅकेजे बिनदिक्कत नाकारावीत.

‘ही किंमत फक्त आजच’ असे सांगितले गेले, तरी आगाऊ रकमेची घाई करू नये. महिनाअखेरीस विक्रीचे लक्ष्य गाठण्याची निकड बहुधा समोरच्यालाच असते. पावतीवर मॉडेल, व्हेरियंट, रंग, उत्पादनाचे वर्ष, ठरलेली किंमत, डिलिव्हरीची तारीख आणि बुकिंग रद्द केल्यास पैसे परत मिळण्याची अट नोंदवून घ्यावी. तोंडी आश्वासन देणारा सेल्समन डिलिव्हरीच्या दिवशी रजेवर असू शकतो.

उरलेली रक्कम भरण्यापूर्वी आणि शक्यतो नोंदणीपूर्वीच गाडी दिवसाउजेडी पाहावी. गाडीवरील १७ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक कागदांशी ताडून पाहावा. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे नसतात, कारण ती १ आणि ० यांच्याशी सहज गल्लत होण्यासारखी आहेत. टायरच्या बाजूवरील चार आकडी कोडमध्ये पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात, म्हणजे ३२२४ असल्यास तो टायर २०२४ सालच्या ३२व्या आठवड्यात बनलेला आहे. हा कोड कधी कधी टायरच्या आतल्या बाजूसच असतो, तेव्हा थोडे वाकून पाहण्याचा संकोच करू नये. चारही टायर जुने निघाले, तर गाडी बराच काळ आवारात उभी असण्याची शक्यता असते, आणि तशा गाडीची बॅटरीही तपासून मागावी. पॅनेलांच्या रंगछटेतील फरक आणि मीटरवरील किलोमीटरही पाहावेत. जे खटकेल ते डिलिव्हरीच्या कागदावर लिहून, दुरुस्तीच्या तारखेसह व्यवस्थापकाची सही घ्यावी आणि मगच आपली सही करून किल्ली स्वीकारावी.